डोळ्यातलं पाणी आणि डोळ्याचं प्रेशर : आधी कशाकडे बघायचं?

घणसोलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या आईचं वय ६१. उजव्या डोळ्यातून दीड वर्षापासून पाणी वाहतं, सकाळी कोपऱ्यात चिपडं साठतात. त्यासाठी डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी अश्रू नाकात नेणाऱ्या नळीत पाणी सोडून बघितलं आणि "नळी बंद आहे, ऑपरेशन लागेल" असं सांगितलं. शिवाय "प्रेशर २६ आहे, काचबिंदूची शंका आहे" म्हणून (काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते, बहुधा डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढल्याने) रोज रात्री घालायचे थेंब दिले. थेंबांनी डोळा लाल व्हायला लागला आणि पाणी तर थांबलंच नाही, म्हणून आईंनी तीन महिन्यांनी ते स्वतःच बंद केले. त्याला आता महिना झाला. "मला सगळं स्वच्छ दिसतंय, पाण्याचं औषध मागितलं तर भलत्याचंच दिलं," असं त्यांचं म्हणणं. ताई विचारतात : नळी तुंबली म्हणूनच प्रेशर वाढलं असेल का, दोन्हींतलं आधी काय करायचं, आणि थेंब खरंच आयुष्यभर घालावे लागतात का? शेवटी जाता जाता एक ओळ : "भावाच्या पाच महिन्यांच्या मुलाच्याही दोन्ही डोळ्यांतून पाणी येतं, उन्हात नेलं की डोळे गच्च मिटून घेतो. डोळे मात्र मोठे, टपोरे आहेत, सगळे कौतुक करतात. हे आमच्या घराण्यातच आहे का?"

ताई, मी ठाण्यात पंचवीस वर्षं डोळ्यांची प्रॅक्टिस करते आहे. तुमची ती शेवटची ओळ मी आधी घेते. आईंचंही सविस्तर सांगते, पण तिथे चार दिवस इकडेतिकडे झाले तरी बहुधा बिघडणार नाही. बाळाच्या बाबतीत तसं म्हणायची माझी तयारी नाही.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यातून पाणी येणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. शंभर बाळांतल्या पाच ते वीस बाळांची अश्रूंची नळी नाकात जिथे उघडते, तिथे जन्मतः एक पातळ पडदा राहून गेलेला असतो. मग पाणी साचतं, पापण्या चिकटतात, पिवळट चिपडं येतात. पण अशा बाळाचा डोळा पांढराशुभ्र असतो, बुबुळ काळंभोर चकचकीत असतं आणि बाळ उजेडाकडे मजेत टुकुटुकु बघत असतं. दहातल्या नऊ बाळांचा हा पडदा वर्षभरात आपोआप उघडतो. तोवर नख कापलेल्या बोटाने डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर दाब देऊन बोट नाकाच्या कडेने खाली सरकवायचं, असं दहादहा वेळा, दिवसातून तीनचारदा. काजळ घालायचं नाही. आईचं दूध, मध, गुलाबपाणी यातलं काहीही डोळ्यात सोडायचं नाही. वर्षानंतरही पाणी राहिलं तर बारीक तार घालून तो पडदा मोकळा करतात. काही मिनिटांचं काम असतं, फक्त बाळाला भूल द्यावी लागते.

आता तुमच्या ओळीतल्या बाकीच्या दोन गोष्टी. उन्हात डोळे गच्च मिटणं, आणि डोळे मोठे असणं. पाणी, उजेड सहन न होणं आणि पापण्या आवळून घेणं या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते जन्मजात काचबिंदूचं. मोठ्या माणसाच्या डोळ्याचं कवच टणक असतं, प्रेशर वाढलं तरी डोळ्याचा आकार बदलत नाही. बाळाच्या डोळ्याचं कवच मऊ असतं. आतून दाब आला की ते फुग्यासारखं ताणलं जातं आणि डोळाच मोठा होतो. नवजात बाळाच्या बुबुळाची रुंदी साधारण १० मिलिमीटर असते. पहिल्या वर्षात ती १२ च्या पुढे गेली तर ते सौंदर्य नसतं, आजार असतो.

हे मी इतकं जोर देऊन लिहिते आहे त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी कासारवडवलीहून एक जोडपं सहा महिन्यांचं बाळ घेऊन आलं. चार महिने "नळी बंद आहे, मालीश करा" या सल्ल्यावर ते इमानेइतबारे मालीश करत होते. मी टॉर्च लावला मात्र, बाळाने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं ते बाहेरच काढेना. दिवे मालवून, पडदे ओढून मग बघितलं. बुबुळावर निळसर धुरकटपणा होता, आरशावर तोंडाची वाफ धरावी तसा. पट्टी धरून मोजलं तर जवळजवळ १३ मिलिमीटर. आजी शेजारी उभी राहून म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांचे डोळे मोठेच आहेत." त्या आठवड्यात दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. तो मुलगा आज शाळेत जातो. जाड चष्मा आहे, पहिल्या बाकावर बसतो, वाचतो. ते चार महिने वाया गेले नसते तर चष्मा इतका जाड झाला नसता, असं मला आजही वाटतं.

तुमच्या भाच्याला हेच आहे असं मी म्हणत नाही. न बघता तसं म्हणणं चुकीचं होईल. दोन्ही नळ्या बंद असून वर जंतुसंसर्ग झाला असेल तरीही उजेड टोचतो. काही बाळांचे डोळे खरोखरच नुसते टपोरे असतात. पण हे घरी बसून ठरत नाही. या दोनतीन दिवसांतच त्याला लहान मुलांचे डोळे तपासणाऱ्या किंवा काचबिंदूचं काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि अपॉइंटमेंट घेतानाच "पाणी येतं, उजेड सहन होत नाही, डोळे मोठे वाटतात" हे तिन्ही शब्द सांगा. त्या तीन शब्दांवर तुम्हाला पुढच्या महिन्याची तारीख देणार नाहीत. खर्चाची अडचण असेल तर भायखळ्याचं जे. जे. किंवा परळचं केईएम आहे. तिथे नेत्रविभागही आहे आणि तान्ह्या बाळाला भूल देणारे डॉक्टरही आहेत. तिथे रांगेत अर्धा दिवस गेला तरी हरकत नाही.

घराण्याचं विचारलंत. मोठेपणी होणारा काचबिंदू आणि जन्मजात काचबिंदू हे सहसा वेगळे आजार असतात, त्यामुळे आईंचं २६ प्रेशर आणि बाळाचे डोळे यांचा थेट संबंध लावू नका. जन्मजात प्रकार नात्यात लग्न झालेल्या कुटुंबांत जास्त दिसतो. तुमचे भाऊ-वहिनी मामा-आत्याच्या नात्यातले असतील तर डॉक्टरांना ते जरूर सांगा, संकोच करू नका.

आता आईंकडे येते.

तुमचा पहिला प्रश्न फार जणांच्या मनात असतो, म्हणून आधी तोच सोडवते. नळी तुंबल्यामुळे प्रेशर वाढलेलं नाही. डोळ्याला दोन पाणी असतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. तुमच्या सोसायटीत पिण्याच्या पाण्याची लाइन वेगळी असते आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणारा पाइप वेगळा असतो, तसंच हे. अश्रू बाहेरचे. ते वरच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या ग्रंथीत तयार होतात, डोळ्यावरून वाहतात, आतल्या कोपऱ्याजवळच्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांतून अश्रूपिशवीत आणि तिथून नाकात उतरतात. म्हणून तर रडताना नाक वाहतं. डोळ्याच्या आतलं पाणी निराळं. ते बाहुलीच्या मागे तयार होतं, मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचा किरकोळ अंश. बुबुळ, म्हणजे डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, आणि बाहुलीभोवतीचा पडदा जिथे मिळतात त्या कोनात बारीक जाळी असते, तिच्यातून ते रक्तात जातं. ही जाळी नीट निचरा करेनाशी झाली की डोळ्याचं प्रेशर वाढतं. आईंच्या बाबतीत बाहेरचा पाइप तुंबला आहे आणि आतल्या निचऱ्याबद्दल शंका आहे. दोन तक्रारी एकाच डोळ्यात एकाच वेळी निघाल्या, इतकंच.

त्यातली एक तक्रार सतत ओरडून सांगते आणि दुसरी तोंडच उघडत नाही. पाणी आलं की रुमाल लागतो, चष्मा धूसर होतो, लोक विचारतात "रडताय का?" काचबिंदू दुखत नाही, टोचत नाही, समोरचं अक्षरही बराच काळ स्वच्छ दिसत राहतं, कारण तो कडेची नजर आधी खातो. आईंना "सगळं स्वच्छ दिसतंय" हे अगदी खरं आहे, आणि त्यावरून काहीच ठरत नाही, हेही तितकंच खरं आहे. वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर लेथवर काम केलेले एक काका माझ्याकडे आले होते. गणपतीच्या गर्दीत नातवाचं बोट त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं, त्यांनी तो डोळा हाताने झाकला, आणि समोर अंधार झाला. डावा डोळा कधी गेला हे त्यांना माहीतच नव्हतं. उजवा डोळा त्याचं काम निमूटपणे करत होता. तपासलं तर उजव्याचीही निम्मी नस गेलेली. दक्षिण भारतात खेड्यांत आणि शहरांत ज्या मोठ्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू निघालेल्या दहा माणसांतल्या नऊ जणांना तो आपल्याला आहे हे आधी ठाऊक नव्हतं. तुमच्या आईंना निदान शंका तरी कळली, आणि तीसुद्धा पाण्याच्या निमित्ताने. त्या डॉक्टरांनी भलत्याचं औषध दिलेलं नाही. त्यांनी डोळा पूर्ण तपासला.

पण शंका म्हणजे निदान नव्हे, आणि २६ हा आकडा एकटा काही सांगत नाही. साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा हे प्रेशर सामान्य धरतात. काहींची नस २६ ला वर्षानुवर्षं टिकते, काहींची १७ लाच झिजते. बुबुळ जाड असेल तर यंत्र प्रेशर उगाच जास्त दाखवतं, पातळ असेल तर कमी दाखवतं. सरासरी जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. प्रेशर दिवसभरात वरखालीही होतं. हवेचा फुसका मारून घेतलेला आकडा चाळणीपुरता ठीक. डोळा बधिर करून, निळ्या प्रकाशात, बुबुळाला टेकवून मोजलेला आकडा आम्ही धरतो. अमेरिकेत प्रेशर जास्त पण नस शाबूत असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. पाच वर्षांत औषध न घेणाऱ्या शंभरातल्या साधारण साडेनऊ जणांना काचबिंदू झाला, औषध घेणाऱ्यांतल्या साडेचार जणांना. म्हणजे औषधाने धोका निम्म्याने कमी होतो, हे नक्की. पण औषधाशिवायही नव्वद जण ठीक राहिले, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून २६ वाचून घाबरायचं नाही, आणि सोडूनही द्यायचं नाही. पुढच्या तपासण्या करायच्या.

त्या तपासण्यांतली जी सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते ती आधी सांगते : कोन बघणं, ज्याला आम्ही गोनिओस्कोपी म्हणतो. थेंब टाकून डोळा बधिर करतात, आरसे बसवलेली छोटी भिंग डोळ्यावर ठेवतात आणि निचऱ्याची ती जाळी उघडी आहे की झाकलेली ते बघतात. दोन मिनिटांचं काम. कोन उघडा असेल तर उपचार एका दिशेने जातात, अरुंद असेल तर पार दुसऱ्या दिशेने. आशियातल्या लोकांत अरुंद कोन बराच दिसतो, विशेषतः चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये. अशा डोळ्यात कधी अचानक कोन बंद झाला तर प्रेशर पन्नास-साठवर जातं : डोकं फुटेल इतकं दुखतं, उलट्या होतात, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात, डोळा लालभडक होतो. लोक ते अर्धशिशी किंवा पित्त समजून रात्र काढतात आणि सकाळपर्यंत नजर गेलेली असू शकते. असं कधी झालं तर रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. कोन अरुंद निघाला तर बाहुलीच्या पडद्याला लेसरने बारीक छिद्र पाडायचं की मोतीबिंदूच काढायचा, हे वय, प्रेशर आणि नसेची अवस्था बघून ठरतं. कोन फक्त अरुंद असलेल्या प्रत्येकाला लेसर लागतोच असंही नाही.

त्यानंतर नस. भिंगातून बघणं, तिचा फोटो आणि ओसीटी, म्हणजे प्रकाशाने घेतलेला स्कॅन. नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. त्यांचा थर कुठे पातळ झाला आहे ते ओसीटी दाखवतं. पण ओसीटीवर लाल रंग आला म्हणजे काचबिंदू, असं समजू नका. मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यातही लाल रंग येतो. आणि शेवटी फील्ड टेस्ट, म्हणजे कडेची नजर मोजणं. आईंना आधी समजावून न्या. अर्ध्या गोलासमोर हनुवटी टेकवून बसायचं, नजर मधल्या दिव्यावर ठेवायची आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. बरेच ठिपके मुद्दामच दिसणार नाहीत इतके मंद असतात. हे कोणी सांगत नाही, त्यामुळे आजी-काकू घाबरतात, आपण नापास होतोय असं वाटून नुसतंच बटण दाबत सुटतात. पहिली टेस्ट खराब आली तर मी ती बाजूला ठेवते आणि आठवड्याने परत घेते.

एक गोष्ट मात्र तुमच्या पथ्यावर पडली आहे. थेंब बंद करून महिना झाला, म्हणजे त्याचा असर आता उतरला असणार. पुन्हा सुरू करण्याआधी याच आठवड्यात जाऊन औषधाशिवायचं प्रेशर मोजून घ्या. तो आकडा पुढची वीस वर्षं उपयोगी पडेल, कारण औषध किती काम करतंय हे त्याच्याशीच ताडून बघतात. मात्र नसेवर घाव दिसला तर डॉक्टर त्याच दिवशी थेंब परत सुरू करतील आणि ते योग्यच असेल. आईंनी थेंब बंद केले हे डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावतो, हे खरं आहे. पण न सांगितल्यामुळे चुकीचं औषध वाढवलं जातं, त्याहून रागावणं परवडलं.

डोळा लाल का झाला? रात्री एकदाच घालायचे थेंब म्हणजे बहुधा लॅटानोप्रोस्ट किंवा त्याच कुळातलं औषध. त्याने सुरुवातीला लाली येतेच, बऱ्याच जणांची काही आठवड्यांत कमी होते. पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्याभोवती थोडं काळसर होतं. शिवाय बाटलीत औषध टिकावं म्हणून जो घटक घालतात, तो कोरड्या डोळ्याला झोंबतो. तो घटक नसलेल्या बाटल्याही मिळतात. थोड्या महाग असतात. दुसऱ्या कुळातलं औषध बदलूनही बघता येतं. त्यात टिमोलॉल असेल आणि आईंना दमा असेल किंवा नाडी मंद असेल, तर ते चालणार नाही, हे आधीच सांगा. डोळ्यातला थेंब अश्रूनळीतून नाकात आणि तिथून रक्तात जातो, त्यामुळे डोळ्याच्या औषधाने दमा उसळलेला मी पाहिला आहे. म्हणूनच कुठलेही थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा. औषध डोळ्यात राहतं, अंगात कमी जातं.

थेंब घालायची पद्धत एकदा तुम्ही स्वतः बघा. माझ्याकडे "औषध लागू पडत नाही" म्हणून येणाऱ्यांना मी माझ्यासमोर थेंब घालायला लावते. निम्म्या जणांचा थेंब गालावर पडतो. आडवं व्हायचं, खालची पापणी ओढून खिसा करायचा, बाटलीचं टोक न टेकवता एकच थेंब सोडायचा. डोळ्यात मावतोच जेमतेम एक. दुसरा नुसता वाहून जातो. अडीच मिलीची बाटली दोन्ही डोळ्यांना महिनाभर पुरते. पंधरा दिवसांत संपत असेल तर पद्धत चुकते आहे. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा. आपल्याकडच्या उकाड्यात लॅटानोप्रोस्ट फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही.

आयुष्यभर का? काचबिंदू ठरलाच, तर हो, लक्ष आयुष्यभर ठेवावं लागतं. गेलेली नस परत येत नाही, उरलेली राखायची असते. बीपीसारखंच आहे. पण थेंबच आयुष्यभर घालावे लागतील असं नाही. कोन उघडा असेल तर निचऱ्याच्या जाळीवर एसएलटी नावाचा लेसर करता येतो; बाह्यरुग्ण विभागात पाच-दहा मिनिटांत होतो. २०१९ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात आधी लेसर केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनीही थेंबांची गरज पडली नव्हती. थेंब सोसत नाहीत, घालायला विसरतात, घरी घालणारं कोणी नसतं, अशा रुग्णांना मी आता लेसरबद्दल आधीच सांगते. त्याचा परिणाम काही वर्षांनी उतरू शकतो, आणि सगळ्यांवर सारखा होत नाही. आईंना चालेल का, हे कोन बघितल्यावरच कळेल.

आता पाण्याकडे, ज्यासाठी तुम्ही मुळात गेला होतात. नळीत सलाइन सोडलं तेव्हा काय झालं, हे आईंना विचारा. घशात खारट लागलं असेल तर नळी उघडी आहे, आणि पाण्याचं कारण दुसरंच, बऱ्याचदा कोरडेपणा असतो. ऐकायला उलटं वाटेल, पण कोरडा डोळा चुरचुरतो आणि मग डोळा भराभर पाणी सोडतो. सलाइन वरच्या भोकातून चिकट स्रावासकट परत आलं असेल तर अश्रूपिशवीच्या खाली अडथळा आहे. चिपडं साठतात म्हणता त्यावरून मला हेच वाटतं. याला आपल्याकडे जुने लोक लासरू म्हणतात. चाळिशीनंतर बायकांमध्ये जास्त आढळतं. यावर थेंबांनी कायमचा गुण येत नाही. पिशवीपासून नाकात नवा रस्ता काढावा लागतो, त्याला डीसीआर म्हणतात. इटलीच्या टोटी यांनी १९०४ साली ते पहिल्यांदा मांडलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. नाकाच्या कडेला सेंटीमीटरभर छेद घेऊन करता येतं किंवा नाकातून दुर्बिणीने, बाहेर व्रण न ठेवता. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. ज्या सर्जनचा हात ज्यात बसला आहे ती घ्यावी, असं माझं मत आहे. आई ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर त्याबद्दल आधी फिजिशियनशी बोलायचं. गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही.

तर क्रम असा. काचबिंदूच्या तपासण्या आणि गरज असेल तर प्रेशर उतरवणं आधी, याच आठवड्यापासून. डीसीआर त्यानंतर सवडीने, महिन्या-दोन महिन्यांत चालेल. पण पुढे मोतीबिंदूचं किंवा काचबिंदूचं, म्हणजे डोळा उघडून करायचं कुठलंही ऑपरेशन ठरलं तर नळीचं काम त्याच्या आधी झालंच पाहिजे. तुंबलेल्या पिशवीत जंतू साठलेले असतात. ते ऑपरेशन केलेल्या डोळ्यात शिरले तर डोळा जाऊ शकतो. मधल्या काळात कोपऱ्याशी लाल, दुखरी गाठ आली आणि ताप आला, तर तो पिशवीतला पू आहे. घरी शेकत बसू नका, फोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

एक धोका मला मुद्दाम सांगायचा आहे. डीसीआरनंतर थेंब आणि नाकातला फवारा देतात, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने काही जणांचं प्रेशर भराभर चढतं, आणि ज्यांना काचबिंदू आहे त्यांचं तर जास्तच. नळीचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला "आईंना काचबिंदूची शंका आहे" हे पहिल्या भेटीतच सांगा आणि ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी प्रेशर मोजून घ्या. हेच मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या थेंबांचं. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते, तेव्हा असे स्टेरॉइडचे थेंब लोकांनी सर्रास घातले. आराम पडला म्हणून तीच बाटली पुढे महिनोन्‌महिने वापरत राहिलेले रुग्ण माझ्याकडे आले. आईंच्या टेबलाच्या खणात अशी एखादी जुनी बाटली आहे का, ते आजच बघा. असली तर प्रेशर वाढायचं कारण कदाचित तीच असेल. ती फेकू नका, डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या.

ताई, तुमचं स्वतःचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. चाळिशीच्या आसपास असाल तर आईंबरोबर तुमचंही प्रेशर, कोन आणि नस एकदा बघून घ्या, भावालाही सांगा. आईंचा काचबिंदू ठरला तर सख्ख्या मुलांना तो व्हायची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते.

आणि बाळाला नेताना एक करा. त्याला घरून पाजून निघू नका, दवाखान्यात नंबर आला की मग पाजायला घ्या. तोंडात दूध असलं की बाळ डोळे उघडे ठेवतं, अंग सैल सोडतं, आणि तेवढ्या चार मिनिटांत बुबुळ मोजून होतं, प्रेशरही घेता येतं. भूल देऊन तपासायची वेळ आली तर ती तारीख वेगळी देतील, आणि त्या दिवशी मात्र किती तास उपाशी ठेवायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील तसंच करायचं. बुबुळ किती मिलिमीटर भरलं तेवढं मला इथे कळवा.